नोकरी सांभाळून औषधनिर्माण : वेळ, स्वाक्षरी आणि हिशेब

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा येते, आणि तिच्या पूर्तीसाठी कृषी, पाशुपाल्य, वाणिज्य व राजोपसेवा असे मार्ग उल्लेखिलेले आहेत. म्हणजे व्यापार आणि चाकरी हे दोन्ही मार्ग शास्त्रास मान्य आहेत. एकाच व्यक्तीने एकाच काळी दोन्ही मार्गांनी चालावे काय, हा प्रश्न मात्र तेथे उपस्थित केलेला नाही. तो आपल्या काळाचा प्रश्न आहे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात, चिकित्सेला बाजारातील माल करून विकणारा वैद्य सोन्याची रास टाकून धुळीचा ढीग गोळा करतो, असेही बजावलेले आहे. वैद्याने व्यापारात उतरताना ही दोन्ही स्थळे एकत्र वाचावीत.

आज आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापन करणारे, रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून राबणारे, औषध कंपन्यांत नोकरी करणारे अनेक तरुण वैद्य आपल्या स्वतःच्या नावाचे एखादे तेल, एखादे चूर्ण बाजारात आणण्याची इच्छा बाळगून आहेत. महिन्याचा पगार सोडण्याचे धाडस नसते, आणि ते नसावे यात गैर काही नाही. घरभाडे, मुलांचे शिक्षण, कर्जाचा हप्ता या गोष्टी औषधाच्या पहिल्या विक्रीची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून नोकरी चालू ठेवून सायंकाळी आणि रविवारी व्यवसाय उभा करावयाचा, असा विचार होतो. या विचारातील कोणता भाग व्यवहार्य आहे, कोणता भाग कायद्याच्या व शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. औषधालयांच्या मालकांनीही तो वाचावा, कारण अशा अर्धवेळ निर्मात्याचा माल अखेर त्यांच्याच फळीवर येतो आणि अशा वैद्याची स्वाक्षरीही पुष्कळदा त्यांच्याच कागदावर असते.

प्रफुल्लचंद्रांचा दाखला

या विषयात भारतीय औषधनिर्माणाच्या इतिहासातील एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले. वेतन दरमहा २५० रुपये. तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, अपर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या आपल्या राहत्या जागेत सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी औषधे करण्यास आरंभ केला. दिवसा कॉलेज व सायंकाळी कारखाना असा त्यांचा क्रम होता. हाडांपासून फॉस्फेट करण्यासाठी कसायांकडून आणलेली हाडे गच्चीवर वाळत घातली तेव्हा शेजाऱ्यांनी गहजब केला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर जागेच्या योग्यतेचा प्रश्न आरंभीच उभा राहिला.

या उद्योगास खरे बळ मिळाले ते डॉ. अमूल्यचरण बोस या सहकाऱ्यामुळे. ते स्वतः व्यवसायी डॉक्टर होते, इतर डॉक्टरांत त्यांचा वावर होता. अडुळसा, कुडा, किराईत (कालमेघ), ओवा अशा देशी द्रव्यांचे कल्प डॉक्टरांच्या चिठ्ठीत यावेत म्हणून त्यांनी खटपट केली. १८९८ मध्ये प्लेगने त्यांचा मृत्यू झाला, तरी उद्योग थांबला नाही. १९०१ मध्ये त्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि पुढे माणिकतळ्यास मोठा कारखाना उभा राहिला. हेच ते ‘बेंगॉल केमिकल’. प्रफुल्लचंद्र मात्र १९१६ पर्यंत प्रेसिडेन्सी कॉलेजातच होते.

या कथेतून लोक बहुधा एकच गोष्ट उचलतात, ती म्हणजे आचार्यांचे कष्ट. ते कष्ट थोरच होते. परंतु नोकरी सांभाळून उद्योग टिकला तो दुसऱ्याही कारणाने. नोकरदार माणूस जेथे असू शकत नव्हता तेथे, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यांत, बाजारात आणि दिवसाच्या वेळी भट्टीपाशी, दुसरी माणसे उभी होती. आपली अनुपस्थिती भरून काढणारा माणूस प्रथम शोधावा आणि मगच खल-उखळी विकत घ्यावी, हा त्यातील कामाचा भाग आहे. तेव्हा औषधनिर्मितीस आजच्यासारखे परवाने नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यांचे अनुकरण जसेच्या तसे केल्यास आज तो गुन्हा ठरेल.

अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांचेही उदाहरण नेहमी दिले जाते. सरकारी खात्यातील रसायनशास्त्रज्ञाची नोकरी सांभाळून त्यांनी १९६९ मध्ये घराच्या परसात कपडे धुण्याची भुकटी तयार केली, सायकलवरून दारोदार विकली, आणि तिचीच पुढे ‘निरमा’ झाली. प्रेरणा म्हणून ते ठीक आहे. परंतु धुण्याची भुकटी बिघडली तर सदरा खराब होतो, औषध बिघडले तर रोगी. या दोन धंद्यांची तुलना येथेच संपते.

नोकरीची अट आधी वाचावी

परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वी आपले नियुक्तिपत्र काढून पुन्हा वाचावे. शासकीय सेवेत असणाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणताही व्यापार-धंदा करता येत नाही, असे हे नियम सांगतात. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने परवाना काढला की आपण मोकळे झालो, अशी समजूत सर्वत्र आढळते. कुटुंबातील व्यक्ती व्यापार-धंदा करीत असल्यास तसे शासनास कळविणे कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तिच्या धंद्यासाठी त्याने खटपट करणे, गिऱ्हाईक जमविणे हाही नियमभंगच मानला जातो. व्यवसायरोध भत्ता घेणाऱ्याने तर हा विचार दुप्पट काळजीने करावा.

पत्नी स्वतः वैद्य वा औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असेल, परवाना तिचा, भांडवल तिचे, दिवसभराचे काम तिचे असेल, तर तो तिचा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याची रीतसर माहिती कार्यालयास देण्यात संकोच कशाला? संकोच वाटतो तो बहुधा व्यवसाय तिचा नसतो म्हणून.

खासगी संस्थांमध्ये सर्वत्र एकच नियम नाही. पुष्कळ नियुक्तिपत्रांत पूर्णवेळ सेवेची अट असते. काहींत लेखी परवानगीने अन्य व्यवसाय करता येतो. ती परवानगी लेखीच घ्यावी. तोंडी ‘हरकत नाही’ म्हणणारे प्राचार्य किंवा विश्वस्त उद्या बदलतात. आणखी एक मर्यादा नियुक्तिपत्रात लिहिलेली नसली तरी पाळावी. ज्या रुग्णालयाचा आपण पगार घेतो तेथील रुग्णास आपल्याच नावाचे औषध लिहून देऊ नये. रुग्ण तेथे संस्थेच्या विश्वासावर आलेला असतो. त्याला आपले गिऱ्हाईक करणे हा त्या विश्वासाचा अपहार होय.

स्वतःच्या रुग्णांपुरते औषध

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध करावयाचे तर परवाना अनिवार्य आहे. मात्र वैद्य आपल्या स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी जे औषध तयार करतो, त्यास ३३-ईईसी या कलमात सूट दिलेली आहे. उत्तम निर्माण पद्धतीचे नियम सांगणाऱ्या ‘शेड्यूल टी’नेही अशा वैद्यांना वगळले आहे. ज्यांच्या नोकरीत सायंकाळच्या खासगी चिकित्सेस मुभा आहे, त्यांच्यासाठी ही सूट म्हणजे आरंभाची सर्वांत सुरक्षित जागा आहे.

पण तिची सीमा नीट ओळखावी. रुग्ण माझा, त्याची तपासणी मी केली, औषध मी दिले, येथपर्यंत सूट आहे. तेच तेल शेजारच्या वैद्यमित्राने ‘माझ्याही दोघा रुग्णांना द्या’ म्हणून सहा बाटल्या नेल्या, किंवा ओळखीच्या दुकानदाराने काउंटरवर ठेवले, की त्या क्षणी आपण विनापरवाना उत्पादक ठरतो. प्रदर्शनात मांडलेल्या केशतेलाचीही गत तीच. सीमा ओलांडली जाते ती बहुधा मैत्रीखातर आणि आनंदाच्या भरात, कारण कोणीतरी आपणहून आपले औषध मागितलेले असते.

या टप्प्याचा खरा उपयोग विक्रीसाठी नाहीच. दोन वर्षे आपल्या रुग्णांपुरते चार-पाच कल्प स्वहस्ते केल्याने कोणत्या व्यापाऱ्याचा हिरडा किडका निघतो, अशोकाची साल म्हणून मास्टवृक्षाची साल कोण माथी मारतो, पावसाळ्यात चूर्णास गोळे कसे धरतात, बाटलीचे बूच कोठे पाझरते, हे सारे समजते. ग्रंथात हे नसते आणि हिशेबाच्या वहीतही आधी सापडत नाही.

सायंकाळच्या दोन तासांत कोणते कल्प साधतात याचाही अंदाज याच काळात येतो. भावना देण्याचे काम स्वभावतःच दिवसादिवसांत विभागलेले असते. आवळकाठीच्या चूर्णास आवळ्याच्या रसाची रोज एक भावना देणे नोकरदारास जमू शकते. स्नेहपाकाची भीती वाटते, पण घृत-तैल एका दिवसात सिद्ध करून उतरवू नये, ते मुरू द्यावे, असे शार्ङ्गधराचार्यांनीच सांगितलेले असल्याने दोन सायंकाळी मिळून पाक पूर्ण करणे शास्त्रविरुद्ध नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पाकाची परीक्षा करताना घाई चालत नाही. मृदु, मध्य आणि खर यांतील अंतर थोड्या मिनिटांचे असते, आणि त्याच वेळी रुग्णालयातून दूरध्वनी आला तर खरपाक ठरलेलाच. भस्मे, कूपीपक्व रसायने व विषोपविषयुक्त कल्प यांच्या वाटेस अर्धवेळ निर्मात्याने जाऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बचनाग, बिब्बा, पारद, हिंगूळ ही द्रव्ये ‘शेड्यूल ई-१’ मध्ये आहेत ती उगीच नव्हेत. शोधनात दमलेल्या माणसाचे लक्ष क्षणभर ढळले तर त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो.

‘पूर्णवेळ’ या शब्दाचा अर्थ

आता परवान्याकडे वळू. स्वतःची रसशाळा काढावयाची तर नमुना २४-डी मध्ये अर्ज आणि नमुना २५-डी मध्ये परवाना, अशी रीत आहे. अर्ज आता ‘ई-औषधि’ या संगणकीय यंत्रणेवरून करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा परवाना कायमस्वरूपी झाला असून दर वर्षी अटी पाळत असल्याचे स्वयंघोषणापत्र द्यावयाचे असते. ‘शेड्यूल टी’ प्रमाणे किमान १२०० चौरस फूट आच्छादित जागा हवी आणि प्रत्येक कल्पनेस त्यात स्वतंत्र विभाग हवा. मोठ्या शहरात या जागेचे भाडेच एका वैद्याच्या पगाराएवढे होते.

परंतु नोकरदाराच्या दृष्टीने कळीची अट जागेची नाही. नियम १५७ म्हणतो की, औषधनिर्मिती तज्ज्ञ व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली व देखरेखीखाली व्हावी, आणि त्यांपैकी किमान एक व्यक्ती त्या रसशाळेची पूर्णवेळ कर्मचारी असावी. त्या व्यक्तीची अर्हता आयुर्वेद पदवी, आयुर्वेदीय औषधनिर्माणशास्त्राची पदवी, किंवा अनुभवासह अन्य काही, अशी सांगितलेली आहे. अर्थ सरळ आहे. नोकरी करणारा वैद्य रसशाळेचा मालक होऊ शकेल, पण तिचा पूर्णवेळ तज्ज्ञ होऊ शकणार नाही. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा जो महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आहे, तोच त्या वेळी रसशाळेत देखरेख करीत होता असे कागदावर दाखविणे म्हणजे दोनपैकी एका ठिकाणी खोटे लिहिणे आहे.

येथे एका जुन्या रोगाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पदवी ‘लावण्याची’ प्रथा आपल्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. नवपदवीधर वैद्य दुसरीकडे नोकरी करतो, आणि त्याचे प्रमाणपत्र एखाद्या रसशाळेच्या भिंतीवर टांगलेले असते. महिन्याकाठी ठरलेली रक्कम येते. वैद्याने तेथे पाऊल टाकलेले नसते. त्याला हा जोडधंदा वाटतो, किंबहुना नोकरी सांभाळून करावयाचा सर्वांत सोपा धंदा हाच वाटतो. औषधालयाच्या मालकासही तो सोयीचा, कारण खऱ्या तज्ज्ञाच्या पगारापेक्षा हा खर्च कमी. पण प्रत्येक पाळीच्या नोंदीखाली नाव त्याचे असते. आर्सेनिकची मर्यादा ३ पीपीएम, शिशाची १० पीपीएम, पाऱ्याची १ पीपीएम, कॅडमियमची ०.३ पीपीएम; उद्या नमुना तपासणीत यांपैकी एकही मर्यादा ओलांडलेली आढळली, तर ‘मी तेथे नव्हतो’ हे उत्तर बचाव ठरत नाही. तो तर कबुलीजबाब झाला. आणि कायद्याच्या आधी रुग्ण आहे. ज्या औषधाकडे कोणी जाणकाराने पाहिलेलेच नाही ते औषध एखादी गर्भिणी किंवा एखादे बालक घेत असते.

मालकांसाठी यात एक संधीही आहे. ज्यांना खरोखर पूर्णवेळ तज्ज्ञ परवडत नाही अशा लहान औषधालयांनी एकत्र येऊन एकाच परवानाधारक रसशाळेकडून माल करून घ्यावा. ते कायदेशीर आहे आणि स्वस्तही पडते.

कर्ज-परवाना

हीच वाट नोकरदार वैद्यासही उपयोगी आहे. नियम १५४-ए प्रमाणे ज्याची स्वतःची निर्मितीची व्यवस्था नाही, त्यास दुसऱ्या परवानाधारकाच्या रसशाळेत औषध करून घेण्यासाठी नमुना २४-ई मध्ये अर्ज करून नमुना २५-ई चा परवाना मिळतो. व्यवहारात यास ‘लोन लायसन्स’ म्हणतात. जागा, यंत्रे व पूर्णवेळ तज्ज्ञ त्या रसशाळेचे. पाठ, द्रव्यांची निवड व बाजार आपला. नोकरीत असताना व्यवसाय करावयाचा तर आमच्या मते हाच मार्ग बहुतेकांस योग्य आहे. नफ्याचा वाटा कमी होतो खरा, पण आपण दिवसभर जेथे नसतो तेथे जबाबदार माणूस असतो.

अशी रसशाळा निवडताना दराआधी तिची नोंदवही पाहावी. गेल्या वर्षभरातील कोणत्याही एका पाळीची कागदपत्रे मागावीत : कच्चे द्रव्य कोणाकडून आले, त्याची परीक्षा झाली काय, किती वजन चढविले, किती उतरले, नमुना राखून ठेवला काय. दहा मिनिटांत हे कागद पुढे आले तर बोलणी करावीत. ‘नंतर पाठवितो’ असे उत्तर मिळाले तर चहा घेऊन परत यावे. शक्यतो पहिल्या तीन पाळ्यांच्या वेळी रजा काढून स्वतः हजर राहावे. रजेचे ते दिवस हे या व्यवसायातील सर्वांत चांगले भांडवल होय.

कल्प निवडताना ग्रंथोक्तापासूनच आरंभ करावा. प्रत्येकास आपल्या कल्पनेतील नव्या योगाची आणि त्याच्या आकर्षक नावाची ओढ असते. परंतु स्वामित्वाच्या म्हणजे पेटंट-प्रोप्रायटरी औषधास नियम १५८-बी प्रमाणे योगाच्या स्वरूपानुसार परिणामकारकतेचे व सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. ते जमविण्यास वेळ व पैसा लागतो, आणि नोकरदाराकडे दोन्ही मोजकेच असतात. ग्रंथोक्त कल्प त्याच नावाने, त्याच अधिकारात द्यावयाचा तर हा भार पुष्कळच हलका होतो.

माल थोडा करावा. शार्ङ्गधराच्या मते चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात. कायद्याने चूर्णास २ वर्षांची मुदत दिली आहे. मुदत कायद्याची लिहावी, पण उत्पादनाचे मान शास्त्राच्या जवळ ठेवावे. मोठ्या कंपनीस दोन महिन्यांत खपेल एवढेच चूर्ण करणे परवडत नाही. लहान निर्मात्यास ते सहज परवडते. ताजा माल हेच त्याचे बाजारातील एकमेव बलस्थान आहे, आणि फुशारकीच्या भरात वर्षाचा साठा एकदम करून तो ते गमावतो.

पगाराने झाकलेला तोटा

हिशेबाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक जोडव्यवसाय येथे फसतात आणि फसल्याचे फार उशिरा कळते. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

समजा, एका पाळीत ५० किलो त्रिफळाचूर्ण तयार झाले. १०० ग्रॅमच्या ५०० डब्या भरल्या. कच्चे द्रव्य (बिया काढून, निवडून होणारी घट धरून) ११,००० रुपये, दळणे-चाळणे व मजुरी ३,०००, डबी, चिठ्ठी व खोकी ४,५००, तपासणी २,५००, वाहतूक व नुकसान १,०००. एकूण २२,०००, म्हणजे डबीमागे ४४ रुपये. निर्माता औषधालयास ६० रुपयांनी देतो आणि डबीमागे १६ रुपये, सबंध पाळीत ८,००० रुपये सुटले म्हणून समाधान पावतो.

आता सोडून दिलेले खर्च धरू. या पाळीसाठी त्याचे स्वतःचे ४० तास गेले. तासास १५० रुपये ही काही वैद्यास शोभणारी मजुरी नव्हे, पण तीच धरली तरी ६,००० रुपये झाले. उद्या स्वतःची रसशाळा काढल्यास तज्ज्ञाच्या पगाराचा या पाळीवर पडणारा भाग ४,००० धरू. बेरीज ३२,००० झाली. डबी ६४ रुपयांस पडली. ६० रुपयांस विकून तो प्रत्येक डबीमागे ४ रुपये, पाळीमागे २,००० रुपये गमावीत आहे. पगार येत असतो म्हणून हा तोटा दिसत नाही. त्याची संस्था त्याच्या गिऱ्हाइकांना नकळत अनुदान देत आहे, असे म्हटले तरी चालेल. ज्या दिवशी तो नोकरी सोडतो त्या दिवशी अनुदान बंद होते, आणि मग भाव वाढवावा तर गिऱ्हाईक तुटते. म्हणून पहिल्या डबीपासून भाव असा ठेवावा की तो नोकरी नसतानाही पुरेल. त्या भावाने माल खपत नसेल, तर ते नोकरीत असतानाच कळणे हिताचे.

दुसरी गळती उधारीची. औषधालयांकडून तीन-तीन महिने पैसे येत नाहीत ही तक्रार सार्वत्रिक आहे. द्रव्यांचा व्यापारी मात्र रोखीने मागतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास व्याजही लागू होते. या कामी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. औषधालयाच्या मालकांनी ही गोष्ट प्रतिकूल मानू नये. लहान निर्मात्याचे पैसे वेळेवर मिळाले तरच तो पुढच्या पाळीस चांगला हिरडा घेऊ शकतो. थकविले तर तो किडक्याकडे वळतो, आणि तो माल पुन्हा आपल्याच दुकानात येतो.

करासंबंधी दोनच गोष्टी. राज्यांतर्गत मालविक्री वर्षाला ४० लाख रुपयांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. परराज्यात माल विकावयाचा तर ती लागते. आणि पगाराबरोबर धंद्याचे उत्पन्न आले की केवळ पगारदारांसाठी असलेले साधे आयकर विवरणपत्र चालत नाही. व्यवसायाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. पगाराच्या खात्यातून त्यात दरमहा किती रक्कम घालावयाची ती आधी ठरवावी आणि ती संपली की त्या महिन्याची खरेदी थांबवावी.

नोकरी केव्हा सोडावी

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. विक्री पगाराएवढी झाली की सोडावी, हे उत्तर चुकीचे आहे, कारण विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. तज्ज्ञाचा पगार, जागेचे भाडे व स्वतःची योग्य मजुरी वजा जाता सलग बारा महिने शिल्लक राहिली, त्यांत पावसाळ्याचे चार महिनेही आले, आणि घरखर्चाची सहा महिन्यांची तजवीज बाजूस आहे, एवढे जमले तर विचार करावा. ओळखीच्या लोकांची खरेदी या हिशेबातून वगळावी. सहाध्यायी, आप्त आणि विद्यार्थी पहिली डबी प्रेमाने घेतात. ज्याने आपणास कधी पाहिले नाही अशा वैद्याने दुसऱ्यांदा मागणी नोंदविली, ती खरी पहिली विक्री.

काहींना हा क्षण कधीच येत नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सायंकाळी आपल्या रुग्णांपुरते दोन घृते व एक तेल उत्तम करणारा, दिवसा विद्यार्थ्यांना रसशास्त्र शिकविणारा वैद्य हा अपुरा उद्योजक नव्हे. त्याच्या वर्गातील विद्यार्थी पाकाची बोटावर होणारी वात प्रत्यक्ष पाहतो, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयांत दुर्मिळ झाली आहे. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांनी मात्र पहिली पाळी टाकण्यापूर्वी आपल्या आठवड्याचे तास कागदावर मांडावेत : पाच सायंकाळी दोन-दोन, रविवारी सहा, मिळून सोळा. त्यांतून खरेदी, पाक, नोंदी, वसुली व प्रवास वजा करावेत, आणि उरलेल्या तासांत जे काम बसणार नाही त्यापुढे ते करणाऱ्या दुसऱ्या माणसाचे नाव व त्याचा पगार लिहावा.